मतदान : हक्क, कर्तव्य की सक्ती?

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण समुद्राच्या सान्निध्यात वाढलेले आहेत. त्यांना 'समुद्रपूर' हे नाव ऐकले म्हणजे बंदर, होड्या आणि मासळीचा बाजार आठवेल. प्रत्यक्षात हे गाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रापासून शेकडो कोस आत, कापसाच्या काळ्या मातीत वसलेले आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावरचा जामचा चौरस्ता याच तालुक्यात येतो. गिरडच्या टेकडीवरील शेख फरीद बाबांचा दर्गाही इथलाच. तिथे सर्व धर्मांचे भाविक जातात. पूर्वेस चिमूर, पश्चिमेस हिंगणघाट आणि थोडे पुढे वर्धा, सेवाग्राम, पवनार. स्वातंत्र्याच्या इतिहासातली मोठी नावे या छोट्या तालुक्याच्या अवतीभोवती अशी दाटीने उभी आहेत.

दिनांक २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे मतदान झाले. समुद्रपूर तालुका हिंगणघाट मतदारसंघात मोडतो. त्या सुमारास या भागात कापसाची वेचणी चालू असते. पहाट फटफटली की कमरेला ओटी बांधून बाया शेतात उतरतात आणि किलोमागे मजुरी मिळवतात. तिथल्या एका वेचणाऱ्या बाईंशी आमचे बोलणे झाले. त्या म्हणाल्या, "मत तं आमी टाकतोच जी, पन त्या दिवसाची मजुरी कोन देते?" शहरातल्या एका सुशिक्षित स्नेह्यांनी त्याच आठवड्यात आम्हांला सांगितले होते की, जे मत देत नाहीत त्यांना सरकारने दंड करावा, त्याशिवाय हा देश सुधारणार नाही. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, ते इतिहासाच्या आधारे मोजून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मत नसण्याचा काळ

मतदान सक्तीचे असावे की नसावे, हा प्रश्न ज्यांना मत आहे त्यांनाच पडतो. आमच्या आजोबा-पणजोबांना तो पडण्याचे कारणच नव्हते. नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि पुढील वर्षी नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा बनवला गेला. त्यानंतर कित्येक दशके इथल्या शेतकऱ्याने सारा भरायचा आणि हुकूम पाळायचा, एवढाच त्याचा राज्यकारभाराशी संबंध होता.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतिक कौन्सिलांसाठी मताधिकार आला. पण तो जमीन, कर आणि मिळकत यांच्या मापाने मोजलेला होता. १९३५ च्या कायद्याने हे माप थोडे सैल केले, तेव्हा देशभरातील प्रांतिक मतदारांची संख्या तीन कोटींच्या वर गेली. तरीही प्रौढ माणसांपैकी बहुसंख्य बाहेरच राहिले. शेतमजूर, कूळ, विणकर आणि त्यांच्या बायका यांना त्या यादीत जवळजवळ स्थानच नव्हते.

या परिस्थितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेली भूमिका लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनसमोर त्यांनी मताधिकाराचा प्रश्न मांडला. अडाण्यांना मत देणे धोक्याचे आहे, आधी शिक्षण आणि मग मत, असे म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते. बाबासाहेबांचा विचार याच्या उलट होता. राजकीय हक्क वापरणे हेच एक शिक्षण आहे, असे ते मानत. सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. पुढे संविधानाच्या ३२६ व्या कलमात ती साकार झाली.

न दिलेले मत

आता इतिहासातील एक वेगळी गोष्ट पाहू. ज्या काळात मताचा हक्क इतका दुर्मीळ होता, त्याच काळात या प्रदेशाने मत न देण्याचाही हत्यारासारखा उपयोग केला.

सप्टेंबर १९२० मध्ये कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसने असहकाराचा ठराव केला. कौन्सिलांवरील बहिष्कार हे त्याचे एक अंग होते. नोव्हेंबरमध्ये निवडणुका झाल्या आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनाने त्या ठरावावर शिक्कामोर्तब केले. त्या वर्षी ज्या मतदाराने घरी बसणे पसंत केले, त्याला आळशी म्हणता येईल काय? तीन वर्षांनी डाव बदलला. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाने मध्य प्रांताच्या कौन्सिलात स्पष्ट बहुमत मिळवले आणि मंत्र्यांचे पगार नामंजूर करून द्विदल राज्यपद्धती ठप्प केली. एकाच प्रांतातील लोकांनी एकदा मत न देऊन आणि एकदा मत देऊन, एकाच सत्तेला नकार कळवला. मतदानाची सक्ती तेव्हा असती, तर यांतला पहिला मार्ग गुन्हा ठरला असता.

याच जिल्ह्यातील पवनारचे आचार्य विनोबा भावे यांनी तर प्रश्न आणखी खोलवर नेला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी पवनारहून आरंभ केला. स्वातंत्र्यानंतर भूदान आणि ग्रामदान या चळवळींतून त्यांनी 'राजनीती'ऐवजी 'लोकनीती'चा आग्रह धरला. निवडणुकीने गावाचे दोन तुकडे पडतात. गावाचे निर्णय बहुमताने न होता सर्वसंमतीने व्हावेत, असे त्यांचे सांगणे होते. महाराष्ट्राने १९६४ मध्ये ग्रामदानाचा कायदाही केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने सर्वसंमतीने निर्णय घेण्याची रीत जपली आणि पुढे ग्रामदानही स्वीकारले.

मात्र 'सर्वसंमती' या सुंदर शब्दाची विटंबनाही आपण पाहिली आहे. अनेक गावांत ग्रामपंचायत 'बिनविरोध' होते, ती नेहमीच प्रेमाने होते असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचे आढळले. गरिबाला मत देण्याची वेळच येऊ न देणे, ही मत न देण्याहून कितीतरी मोठी हानी आहे.

नाव नसलेल्या बाया

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा समुद्रपूर मध्य प्रदेश राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. १९५७ मध्ये हेच गाव द्वैभाषिक मुंबई राज्यासाठी मत देत होते आणि १९६२ मध्ये महाराष्ट्रासाठी. लागोपाठच्या तीन निवडणुकांत एकाच घरातल्या माणसांनी तीन वेगवेगळ्या राज्यांच्या विधानसभा निवडल्या. तरीही लोक केंद्रांवर गेले, हे आम्हांला मोठे वाटते.

त्या पहिल्या निवडणुकीत देशात सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. त्यांतील बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तिच्यावर निशाणी चिकटवण्यात आली. मतदान झाले सुमारे ४५ टक्के. आजच्या हिशेबाने हा आकडा लहान आहे. पण मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यासमोर निराळाच पेच होता. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगून स्वतःचे नाव सांगायला नकार देणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. मध्य प्रदेशही अशा प्रांतांपैकी एक होता. त्या बायांना मत द्यायचे नव्हते, असे कोण म्हणेल? परक्या माणसासमोर स्वतःचे नाव उच्चारण्याची त्यांना सवयच नव्हती. दंडाची भीती घालून त्यांचे नाव यादीत आले नसते. पुढच्या निवडणुकांत ते आले, ते समजावून सांगितल्याने, शाळेने आणि काळाने.

सक्ती आतल्या मतापर्यंत पोचत नाही, याचेही एक उदाहरण विदर्भातच आहे. त्या काळी काही मतदारसंघ दुहेरी होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि मतदाराला दोन मते. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर उभे होते. आपले दुसरे मत 'कुजवावे', म्हणजे वाया घालवावे, म्हणजे बाबासाहेबांचे पारडे जड होईल, असे कार्यकर्त्यांना वाटत होते. संविधान लिहिणाऱ्याने मत कुजवायला सांगणे शोभत नाही, म्हणून त्यांनी ते नाकारले, असे त्यांचे अनुयायी आजही सांगतात. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब हरले. १९६१ मध्ये दुहेरी मतदारसंघ रद्द झाले. मत कुजवणे किंवा न कुजवणे हे कोणत्याही कायद्याने ठरवता येत नाही. पडद्याआड माणूस आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी एवढीच असतात.

सक्तीचा विचार भारतात

१९५१ मध्ये लोकप्रतिनिधित्वाच्या विधेयकावर चर्चा चालू असताना एका सदस्याने सक्तीच्या मतदानाची कल्पना मांडली होती. व्यवहारात ते अवघड आहे, म्हणून डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्या कायद्याच्या ७९ व्या कलमात निवडणूकविषयक हक्काची जी व्याख्या आहे, तीत मत देण्याबरोबरच मत देण्यापासून दूर राहण्याचाही समावेश आहे. १९७६ मध्ये संविधानात मूलभूत कर्तव्ये आली. पण मतदान त्या यादीत नव्हते. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीनेही सक्तीची शिफारस केली नाही. २००२ मध्ये न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोगाने मतदान हे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदवावे, असे सुचवले. मार्च २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात सक्तीच्या विरुद्ध कौल दिला.

प्रत्यक्ष प्रयोग शेजारच्या गुजरातने करून पाहिला. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत मतदान सक्तीचे करणारे विधेयक तिथल्या विधानसभेने २००९ मध्ये मंजूर केले. राज्यपालांनी ते परत पाठवले. ते पुन्हा मंजूर झाले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याला संमती मिळाली. १०० रुपये दंडाचा नियमही झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. गंमत अशी की, ग्रामपंचायत बिनविरोध करणाऱ्या गावांना बक्षीस देणारी 'समरस' योजना त्याच राज्यात आधीपासून चालू होती. एका हाताने निवडणूक टाळणाऱ्यास बक्षीस आणि दुसऱ्या हाताने मत टाळणाऱ्यास दंड, असा हा विरोधाभास होता.

दरम्यान, २७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय यंत्रावर देण्याचा आदेश दिला. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात या पर्यायाला सुमारे साडेसत्तावीस हजार मते पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. स्थानिक निवडणुकांत तो पहिला आला तर निवडणूक पुन्हा घ्यावी, असा आदेश महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्येच काढला आहे. म्हणजे नाराज माणसालाही आज केंद्रावर जाऊन नाराजी नोंदवता येते. सक्तीच्या समर्थकांचा हा एक चांगला मुद्दा आहे, हे आम्ही मान्य करतो.

परदेशाचा अनुभव आणि आपल्या घरचा इतिहास

सक्तीचे सर्वांत यशस्वी उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. १९२२ च्या निवडणुकीत तिथे साठ टक्क्यांहून कमी मतदान झाले. १९२४ मध्ये कायदा झाला आणि १९२५ मध्ये हा आकडा ९१ टक्क्यांवर गेला. परंतु हे केवळ दंडाच्या भयाने टिकले नाही. मतदान शनिवारी असते, टपालाने मत देता येते, दूरच्या वस्त्यांवर फिरती केंद्रे जातात. नागरिकावर बंधन घालताना शासनाने स्वतःवरही बंधन घालून घेतले. बेल्जियममध्ये १८९३ पासून सक्ती आहे. नेदरलँड्सने पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर ती काढून टाकली. चिलीने २०१२ मध्ये ती सोडली आणि दहा वर्षांनी पुन्हा आणली. जगाचे या बाबतीत एकमत नाही.

आमच्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक हकीकत इटलीची आहे. पोपसाहेबांचे राज्य इटलीच्या नव्या राजसत्तेत विलीन होऊ लागले, तेव्हा १८६८ मध्ये रोमने तिथल्या कॅथलिकांना राष्ट्रीय निवडणुकीत भाग घेणे 'उचित नाही' असे कळवले. उमेदवारही होऊ नये आणि मतदारही होऊ नये, असा त्याचा अर्थ होता. जवळजवळ दोन पिढ्या धर्मनिष्ठ माणसे मतपेटीपासून दूर राहिली. दहावे पायस यांनी १९०५ मध्ये हे बंधन सैल केले आणि १९१९ मध्ये पंधरावे बेनेडिक्ट यांनी ते उठवले. त्याच वर्षी फादर लुईजी स्तुर्झो यांनी लोकपक्षाची स्थापना केली. १९४८ च्या इटालियन संविधानाने मतदानाला 'नागरी कर्तव्य' म्हटले. मत न देणाऱ्याच्या वर्तणुकीच्या दाखल्यावर तशी नोंद पाच वर्षे राहत असे. १९९३ मध्ये ती पद्धत संपली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये मुक्तपणे मत देण्याचा हक्क आणि कर्तव्य यांची एकत्र आठवण करून दिली. १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात कर भरणे, मतदान करणे आणि देशाचे रक्षण करणे ही नैतिक बंधने म्हणून सांगितली आहेत. ज्या ख्रिस्तसभेने एकेकाळी मत देऊ नका म्हटले, तिनेच पुढे मत देणे हे सदसद्विवेकाचे कर्तव्य मानले. नैतिक बंधन आणि कायद्याची सक्ती या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिस्साला जाणे हे आपले कर्तव्य आहे. पण दारात शिपाई उभा करून मंदिर भरवावे, असे कोणी म्हणणार नाही.

दंड कोणाला?

आता पुन्हा समुद्रपूरकडे येऊ. २६ एप्रिल २०२४ रोजी वर्धा लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. वैदर्भीय उन्हाळ्याचे ते दिवस. तरीही सुमारे ६५ टक्के लोकांनी मत दिले. गडचिरोली-चिमूरमध्ये तर सत्तर टक्क्यांहून अधिक मतदान झाले. तिथे माओवाद्यांनी वर्षानुवर्षे बहिष्काराचे फतवे काढले आणि दहशत घातली, हे आपण जाणतोच. दक्षिण मुंबईत मात्र तो आकडा जेमतेम पन्नास होता. म्हणजे ज्याच्या दाराशी केंद्र आहे तो घरी बसला, आणि ज्याला जंगल तुडवायचे होते तो गेला.

यावरून एखादा म्हणेल, मग दंड शहरातल्या सुखवस्तू माणसालाच बसेल, बरेच झाले. आम्हांला तसे वाटत नाही. शंभर रुपये त्याला एका चहा-नाश्त्याचे बिल आहे. तेवढेच पैसे मिळवायला वेचणाऱ्या बाईला ओटी अनेकदा भरून रिकामी करावी लागते. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देण्याची तरतूद १९९६ मध्ये कायद्यात आली खरी. पण किलोवर मजुरी मिळवणाऱ्या शेतमजुराला ती लागू करणार कोण? बीडचा ऊसतोड कामगार मतदानाच्या दिवशी परजिल्ह्यात असेल, तर नोटीस त्याच्या बंद घराच्या दाराला चिकटेल. २०२४ मध्येच मेळघाटातील काही गावांनी पाणी, वीज आणि रस्ता नाही म्हणून मतदानावर बहिष्कार टाकला. त्यांना रस्त्याऐवजी दंडाची पावती पाठवायची काय?

याहून मोठा प्रश्न शासनाच्या स्वतःच्या कर्तव्याचा आहे. पंचायतीची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे संविधान सांगते. वर्धा जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. पाच वर्षे सरली, आणि राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांप्रमाणे तिथेही मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार सुरू झाला. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि वर्षांमागून वर्षे गेली. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. मतदाराने एक दिवस चुकवला तर दंड हवा, असे म्हणणाऱ्यांनी तीन वर्षे चुकवणाऱ्या व्यवस्थेला कोणता दंड सांगितला आहे?

उपसंहार

आमचे मत आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. मतदान हे कर्तव्य आहे, याबद्दल आमच्या मनात किंचितही संदेह नाही. ज्या मताधिकारासाठी एका पिढीने तुरुंग पाहिला आणि ज्याच्या यादीत स्वतःचे नाव सांगायला लाखो बायांना वर्षे लागली, तो हक्क रविवारच्या झोपेसाठी किंवा जोडून आलेल्या सुट्टीसाठी सोडून देणे ही कृतघ्नता आहे. परंतु सक्ती करायचीच असेल, तर तिचे ओझे आधी शासनाने उचलावे. निवडणुका वेळेवर घ्याव्यात, नाव यादीतून गळणार नाही हे पाहावे, आणि मजुराचा दिवस बुडणार नाही अशी सोय करावी. पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांना आणि अपंगांना २०२४ मध्ये घरून मत देण्याची सोय झाली. स्थलांतरित मजुरांसाठीही तसा काही मार्ग निघाला पाहिजे. एवढे झाल्यावरही जे घरी बसतील, त्यांच्याविषयी बोलू.

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनीही आपल्यापुरते काही करावे. मतदानाच्या दिवशी आपल्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईला, शेतावरच्या किंवा बांधकामावरच्या मजुराला, पगार न कापता अर्धा दिवस सुट्टी द्यावी. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला हात धरून केंद्रावर न्यावे. मुलगा-मुलगी अठरा वर्षांची झाली, की बाप्तिस्म्याच्या दाखल्याइतक्याच काळजीने त्यांचे नाव मतदार यादीत आहे ना, हे पाहावे. यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहायला नको.

समुद्रपूरच्या त्या बाईंनी मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत वेचणी केली, आणि मग गावाकडे जाऊन मत दिले. अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. लोकशाहीसाठी त्यांनी भरलेली ही रक्कम कोणत्याही सरकारी हिशेबात दिसणार नाही. तिची आठवण आम्ही ठेवावी आणि आपणही ठेवावी, अशी विनंती आहे.